मोठा प्लॅन घेण्याआधी राउटर तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘नेट स्लो आहे’ ही तक्रार घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरांत सर्रास ऐकू येते आणि त्यावरचा उपाय म्हणून लोक मोठा प्लॅन घेतात. १०० एमबीपीएसचे ३०० होतात, बिल वाढते, पण आतल्या बेडरूममधला व्हिडिओ कॉल तसाच अडखळत राहतो. पुष्कळदा दोष बाहेरच्या लाइनमध्ये नसून घरातच असतो. राउटरशी निगडित मोजके शब्द समजले तर तो घरबसल्या सापडतो.

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट; त्यातला ‘बी’ बिटचा. फाइलचा आकार आपण बाइटमध्ये मोजतो आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट या वेगाने उतरते. तिथे कोणी फसवलेले नसते.

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून स्पीड तपासा. ही चाचणी सर्वांत आधी करावी, कारण लाइनचा दोष आणि वायफायचा दोष इथेच वेगळे होतात. ३०० चा प्लॅन असून आकडा ९४-९५ वर अडकत असेल तर मधला एखादा दुवा १०० वर चालतो आहे. एक तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्ट जुन्या १०/१०० प्रकारचा असतो, नाही तर केबलमध्ये गडबड असते. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. बाकीच्या चारांपैकी एक तार जरी नीट बसली नसेल तरी जोडणी गुपचूप १०० वर उतरते, पोर्टचा लाइट लागलेला असतो आणि कोणाला शंकाही येत नाही. पारदर्शक आरजे-४५ जॅक उजेडात धरून पाहा: आठही रंगीत तारांची टोके पुढच्या कडेला टेकलेली दिसली पाहिजेत.

केबलवर स्पीड पूर्ण आणि वायफायवर कमी, असे निघाले तर बँडकडे, म्हणजे वायफायच्या लहरींच्या पट्ट्याकडे, वळा. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतूनही बरा जातो, पण त्यात गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. ऐरोली-नेरुळच्या जुन्या विटांच्या घरांत एक राउटर जे काम निभावून नेतो, ते मिवान पद्धतीने (साच्यात काँक्रीट ओतून) बांधलेल्या टॉवरमध्ये जमत नाही, कारण तिथे आतल्या भिंतीही सळईच्या काँक्रीटच्या असतात. अशा दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा भरवसा धरू नये. त्यातून राउटर चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेला असतो! तो घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, छातीच्या उंचीला हवा.

२.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल (बँडचे छोटे भाग) तीनच: १, ६ आणि ११. ज्याने ३ निवडला तो १ वाल्याला आणि ६ वाल्याला, दोघांनाही त्रास देतो. एका मजल्यावर सहा-आठ घरे असताना चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवणे तर सरळ अन्याय आहे, तिथे २० च ठेवावी. ही सेटिंग ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या पानावर असते. त्या पानाचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरच्या तळाच्या स्टिकरवर छापलेला असतो. तिथे गेलाच आहात तर अ‍ॅडमिन पासवर्ड बदला (तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो), डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडणी देणारी सोय) बंद करा आणि सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडा.

वायफायचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणाऱ्या रिपीटरबद्दल मोठा गैरसमज आहे. जिथे रेंज नाही त्याच खोलीत लोक तो लावतात. पण त्यालाच सिग्नल मिळत नसेल तर तो पुढे काय पाठवणार? तो अर्ध्या वाटेवर लावावा. त्यातही एकाच बँडवर घेणे आणि देणे दोन्ही करावे लागल्याने स्पीड साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा बेडरूमपर्यंत लॅन केबल ओढून तिथे जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (फक्त वायफाय पसरवण्यासाठी) लावणे कितीतरी चांगले. तसा मोड नसेल तर आधी त्याचा पत्ता बदलून घ्या, म्हणजे मुख्य राउटरशी टक्कर होणार नाही. मग त्यातला डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनऐवजी (बाहेरच्या लाइनच्या पोर्टऐवजी) लॅन पोर्टमध्ये खोचा. वायफायचे नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा.

फायबरच्या खोक्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर मात्र वायफायशी झटापट करू नका. प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कपाट सरकवताना मागची बारीक फायबर कॉर्ड दुमडली गेली का ते पाहा आणि तिचे वळण सैल करा. तिचे टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, आतला लेझर दिसत नसला तरी डोळ्याला घातक ठरू शकतो. दिवा लालच राहिला तर तक्रार नोंदवा.

ज्यांच्या नव्या फ्लॅटचे इंटिरियर सुरू आहे, त्यांनी हॉलपासून प्रत्येक बेडरूमपर्यंत एक कॅट-६ केबल आत्ताच टाकून घ्यावी. ती विजेच्या तारांच्या पाइपातून नको, वेगळ्या पाइपातून न्यावी. पीओपी झाल्यावर त्याच कामासाठी छत फोडावे लागते.

– एक नेटवर्क तंत्रज्ञ, घोडबंदर रोड, ठाणे (प.)