पासिंगची मुदत संपली म्हणून विम्याचा दावा बुडतो का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

टुरिस्ट परवान्याच्या एका मोटारीचा अपघाताचा दावा विमा कंपनीने नुकताच पूर्णपणे नामंजूर केला. कारण एकच दिले आहे: अपघाताच्या दिवशी गाडीच्या पासिंगची, म्हणजे योग्यता प्रमाणपत्राची, मुदत संपलेली होती. वाहनविमा सर्वेक्षक म्हणून माझी हयात अशाच फायलींत गेली असल्याने मालकाने ते पत्र माझ्याकडे आणले. गाडी सिग्नलला उभी असताना मागून आलेल्या मालट्रकने तिला ठोकरले. सर्व्हे रिपोर्टमध्ये डिकीचे झाकण, मागचा बंपर आणि मागचा पॅनेल यांच्या नुकसानीची नोंद आहे. ब्रेक चालू स्थितीत असल्याचे आणि चारही टायरची नक्षी शाबूत असल्याचेही त्याच रिपोर्टमध्ये लिहिले आहे. नामंजुरीच्या पत्रात मात्र यातले एक अक्षरही नाही. उभ्या गाडीला मागून धडक बसण्याशी तिच्या पासिंगचा संबंध काय, याचा विचार ते पत्र लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे, असे मी म्हणणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार व्यावसायिक वाहनाकडे योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर त्याची नोंदणी वैध मानली जात नाही. नोंदणीच वैध नसेल तर पॉलिसीच्या अटीचा मूलभूत भंग झाला, असा युक्तिवाद मग केला जातो आणि त्याच्या पुष्ट्यर्थ सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल पुढे केले जातात: नरिंदर सिंग (२०१४) आणि सुशीलकुमार गोदारा (२०२१). या दोन्ही प्रकरणांत दावे फेटाळले गेले हे खरे. परंतु त्या दोन्ही गाड्यांची तात्पुरती नोंदणी संपली होती आणि कायमची नोंदणी झालेलीच नव्हती. रीतसर नोंदणी झालेली, वर्षानुवर्षे पासिंग होत आलेली आणि एका वेळी तारीख उलटून गेलेली गाडी त्याच पंक्तीला बसवणे मला पटत नाही.

उलट बाजूचे निकाल कंपन्यांच्या पत्रांत सहसा दिसत नाहीत. बी. व्ही. नागराजू प्रकरणात (१९९६) मालवाहू गाडीत परवानगीपेक्षा जास्त माणसे बसवलेली होती. पण त्या जादा माणसांमुळे अपघात घडलेला नाही, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला भरपाईच्या जबाबदारीतून सुटू दिले नाही. नितीन खंडेलवाल प्रकरणात (२००८) खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने चालवली जात असताना चोरीला गेली, तरीही ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने, म्हणजे दाव्याच्या ७५ टक्के, रक्कम देण्याचा आदेश कायम राहिला. अमलेंदू साहू प्रकरणातही (२०१०) हीच दिशा घेतली गेली. अटीचा भंग झाला असला तरी पूर्ण नकार आणि पूर्ण भरपाई यांच्यामध्ये एक पायरी आहे, हे त्यातून स्पष्ट होते. पासिंगच्या प्रश्नावर मात्र उच्च न्यायालयांत एकमत नाही. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१८ मध्ये योग्यता प्रमाणपत्राचा अभाव हा मूलभूत भंग ठरवला, तर इतरत्र याउलट निर्णयही झाले आहेत. सामान्य टॅक्सीमालकाने यातून काय अर्थ काढायचा?

माझ्या मते कसोटी एकच असावी: जे नुकसान झाले, त्याला गाडीची नादुरुस्ती कारणीभूत होती का? ब्रेक निकामी झाल्याने किंवा गुळगुळीत झालेला टायर फुटल्याने अपघात झाला आणि त्याच वेळी पासिंगही संपलेले असेल, तर कंपनीने दावा नाकारला यात गैर काही नाही. गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट पॉलिसीत असतेच आणि अशा गाड्यांबद्दल मी स्वतः कडक रिपोर्ट लिहिले आहेत. पण ती नादुरुस्ती सर्व्हेअरच्या तपासणीतून सिद्ध झाली पाहिजे; नुसती प्रमाणपत्रावरची तारीख हा तिचा पुरावा नव्हे. ब्रिटनमध्येही वाहनांची वार्षिक चाचणी सक्तीची आहे, परंतु तेथील वित्तीय नियामकाच्या नियमानुसार अटीच्या भंगाचा दाव्याच्या परिस्थितीशी संबंध नसेल, तर त्या भंगावरून ग्राहकाचा दावा नाकारणे अवाजवी ठरते. मुदत संपलेल्या गाडीची बाजारातील किंमत थोडी कमी येते, असे कोणी म्हणेल. मग तेवढी वजावट हिशेबासह दाखवावी. रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापताना कंपन्या पै-पैचा हिशेब मांडतात, तो येथेही मांडता येईल.

आणखी एक गोष्ट खटकते. पॉलिसीचे नूतनीकरण करताना गाडीच्या पासिंगची तारीख सरकारी ‘वाहन’ प्रणालीत कोणालाही पाहता येते. तेव्हा ती कोणी पाहत नाही, हप्ता बिनबोभाट स्वीकारला जातो आणि दावा आला की मात्र पहिली नजर त्याच तारखेवर जाते.

ज्यांच्या हाती असे पत्र पडले असेल त्यांनी प्रथम सर्व्हे रिपोर्टची प्रत मागावी आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारावे की, पॉलिसीतील नेमकी कोणती अट मोडली आणि तिचा अपघाताशी संबंध कसा जोडला. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वैयक्तिक पॉलिसीधारकाला विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे. पासिंग संपले ही बाब मात्र लपवू नये. ती कबूल करूनच भांडावे, कारण ‘वाहन’ प्रणालीत ती तारीख कंपनीलाही दिसते.

ऑगस्ट २०२० मध्ये पीयूसीवरून असाच गोंधळ उडाला होता, तेव्हा विमा नियामक प्राधिकरणाने एका वाक्यात खुलासा केला की, वैध पीयूसी नसणे हे मोटार विम्याचा दावा नाकारण्याचे वैध कारण नाही. पासिंगबाबतही प्राधिकरणाने असाच खुलासा करावा, आणि नादुरुस्ती हेच नुकसानीचे कारण असल्याचे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकावा, अशी मागणी आपल्या दैनिकाद्वारे करीत आहे.

आपला,
एक निवृत्त वाहनविमा सर्वेक्षक