त्या शास्त्रज्ञाला बोलायची परवानगी द्या : केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री,
पृथ्वी भवन, लोधी रोड, नवी दिल्ली.

विषय : शेतकरी मेळाव्यात चिठ्ठीवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळणेबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातला, मांजरा नदीकाठचा. हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालो आणि आता वडिलोपार्जित रान कसतो. आपल्याकडे पृथ्वी आहे, अवकाश आहे, अणुऊर्जाही आहे. एवढ्या पसाऱ्यात एका निवृत्त मास्तराचं पत्र वाचायला सवड कुठली, हे मी समजू शकतो. तरी लिहितो, कारण गेल्या आठवड्यात तालुक्याला जे झालं ते गिळून बसणं जमेना.

मंगल कार्यालयात हवामान बदलावर शेतकरी मेळावा होता. शास्त्रज्ञ येणार, तुमच्या शंकांना उत्तरं देणार, असा निरोप गावोगाव गेला होता. कृषी सहायकाने दोनदा फोन केला, "सर, तुम्ही याच." गेलो. स्टेजवर सोफे पुढाऱ्यांना, शास्त्रज्ञाला कडेची प्लास्टिकची खुर्ची. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मग ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा सत्कार. दोन तासांनी त्या पोराच्या हातात माईक आला. पोरगाच म्हणायचा, तिशीतला असेल. पडद्यावर इंग्रजी तक्ते, लाल होत गेलेला जगाचा नकाशा. पाच-सात मिनिटं झाली नाहीत तोवर निवेदकाने चिठ्ठ्या गोळा केल्या आणि जाहीर केलं, "वेळेअभावी सर्व प्रश्नांची उत्तरं लेखी कळवण्यात येतील." मागे पंगतीची ताटं वाजायला लागली होती.

माझ्या चिठ्ठीवर एवढंच होतं : सप्टेंबर २०२५ चा पूर हवामान बदलामुळे आला का, आला तर त्यात त्याचा वाटा किती, आणि तुम्हाला हे किती आधी कळलं होतं?

बाहेर गाडीपाशी मी त्याला गाठलं. नारळ अजून हातातच होता त्याच्या. म्हणाला, "काका, थोडंफार सांगता येईल मला. पण पुरावर बोलायची आम्हाला परवानगी नाही. वर विचारावं लागतं." आणि दार लागलं. त्या पोराचा राग नाही आला मला. ज्याने त्याच्या तोंडाला कुलूप घातलं त्याचा आला. लेखी उत्तर अजून आलेलं नाही, आणि ते येणार नाही हे त्या निवेदकालाही माहीत होतं.

महोदय, सप्टेंबरात आमचं काय झालं ते थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण थोडक्यात सांगता येत नाही. सोयाबीन शेंगा भरून उभं होतं. पाऊस लागला तो थांबेना. शेंगांना झाडावरच कोंब फुटले. वर बीडकडे पाऊस कोसळत होता, धनेगावच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि रात्रीतून मांजरा रानात शिरली. मोटार, स्टार्टर, पाइप, सगळं गेलं. ते परत घेता येतं. नदीकडच्या पट्ट्यात काळी माती होती, माझ्या आजोबांनी बांध घालून धरलेली. ती खरडून गेली आणि खाली पिवळा मुरूम उघडा पडला. सरकारने जाहीर केलं, खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाख. ४७ हजारांत काळी माती कुठल्या दुकानात मिळते? आणि पंचनाम्याच्या वेळी काय ऐकावं लागलं? तुमच्या महसूल मंडळात पर्जन्यमापकाने चोवीस तासांत ६५ मिलिमीटर दाखवलेले नाहीत, म्हणजे अतिवृष्टी नाही. अहो, पाऊस वर पडला, पाणी आमच्याकडे आलं! नदी वरून खाली वाहते हे मी पाचवीच्या पोरांना शिकवत होतो. त्या कार्यालयात कुणी भूगोल घेतला नसावा. मग केवायसी, मग फार्मर आयडी, मग सर्व्हर डाऊन. असो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या हवामान खात्याचा २०२५ चा अंदाज चुकला होता का? अजिबात नाही. मे अखेरीस सांगितलं, देशात सरासरीच्या १०६ टक्के पाऊस होईल; झाला १०८ टक्के. ३१ ऑगस्टला सांगितलं, सप्टेंबरात सरासरीच्या १०९ टक्क्यांहून जास्त पाऊस होण्याची शक्यता. तेही खरं ठरलं. अंदाज बरोबर आला आणि मी बुडालो. दिल्लीत आपण यशाचा आकडा सांगितला असेल, पण हे टक्के ज्या ८७ सेंटिमीटरवरून काढतात ती अख्ख्या देशाची सरासरी, चेरापुंजीपासून जैसलमेरपर्यंतची. माझ्या बांधावर तिचा उपयोग काय? आणि सप्टेंबरचा तो इशारा मी तेव्हा वाचला होता, बरं का. वाचला आणि पेपर घडी करून ठेवला, कारण तोवर ऑरेंज अलर्ट म्हणजे ऊन पडणार अशी गावाची ठाम समजूत झाली होती. दहा तालुक्यांचा जिल्हा, अख्ख्या जिल्ह्याला एकच रंग. उदगीरला धो-धो, औशाला कोरडं. औशाचा माणूस म्हणतो, खोटं सांगतात. तो रंग कसा ठरला, चुकला तर कशाने चुकला, हे नंतर कुणी येऊन सांगितल्याचं मला आठवत नाही.

चुकण्याचं म्हणाल तर आमची तक्रार चुकण्याबद्दल नाही. २००२ ला १०१ टक्के सांगितले, पडला ८१ टक्के. २००९ ला सुधारून ९३ सांगितले, पडला ७८. माणसं तरीही रेडिओ ऐकत राहिली. डॉक्टर म्हणतो, "ताप उतरेल बहुतेक, नाही उतरला तर उद्या परत या." उतरला नाही म्हणून कुणी डॉक्टर बदलत नाही, बदलतो तो दुसऱ्या दिवशी डॉक्टरने दार उघडलं नाही म्हणून. २०१७ च्या जुलैत माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली. देशभर हसू झालं. मला हसू आलं नाही. ज्याचं बियाणं जळालं त्याला विचारायला जागा हवी होती, आणि त्याला पोलीस ठाण्याखेरीज दुसरी जागा सापडली नाही.

अशी जागा मधे काही वर्षं होती. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं सुरू झाली, देशात १९९. मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीत सल्ला यायचा. आमच्या भागातली मुलगी कृषी हवामानशास्त्र शिकलेली. फोन केला की उचलायची. एकदा पेरणीच्या तोंडावर विचारलं तर म्हणाली, "सर, साठ-चाळीस आहे. मी तुमच्या जागी असते तर दोन दिवस थांबले असते, पण हमी देत नाही." थांबलो. पाऊस आलाच, म्हणजे तिचं चुकलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून ग्रुपवर टाकलं की कमी दाबाचा पट्टा अपेक्षेपेक्षा आधी सरकला, माझा अंदाज चुकला, आता वाफशावर पेरा. त्या दिवसापासून गावातली म्हातारी माणसंसुद्धा तिचं ऐकायला लागली. आणि आपण काय केलंत? २०२४ च्या सुरुवातीला ती १९९ केंद्रं बंद करायचा आदेश निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरात हवामान यंत्रणा सुधारण्यासाठी दोन हजार कोटींचं मिशन मौसम मंजूर झालं. यंत्राला कोटी आणि माणसाला नारळ!

त्याच वर्षी ऑक्टोबरात जाहीर झालं की ग्रामपंचायत पातळीवर हवामान अंदाज मिळणार, अडीच लाख ग्रामपंचायती म्हणे. २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या आयआयटीएम या आपल्याच हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं, सहा-सहा किलोमीटरच्या चौकटीचा अंदाज देणारं भारत फोरकास्ट सिस्टिम आलं. मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. पण तो अंदाज आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मी एकदाही पाहिलेला नाही. फळ्यावर पाणीपट्टीची थकबाकी असते.

मग रिकाम्या जागेत कोण येऊन बसलं ते आपण कधी पाहिलंत का? यूट्यूब. तिथला माणूस तारीख सांगतो, तालुका सांगतो, "दादा, बारा तारखेच्या आत सोयाबीन काढून ताडपत्री घाला" म्हणतो. शक्यता-बिक्यता काही नाही, छातीठोक. चुकला तर पुढच्या व्हिडिओत चुकलेलं विसरून नवी तारीख. आपले शास्त्रज्ञ त्याला अवैज्ञानिक म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण तो आमच्या भाषेत, आमच्या पिकाबद्दल बोलतो, आणि आपला शास्त्रज्ञ गाडीचं दार लावून घेतो.

विश्वास कसा जातो आणि कसा परत मिळवता येतो, याची उदाहरणं आपल्यासमोरच आहेत. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या २००७ च्या अहवालात छापून आलं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात. आधार कच्चा होता. २००९ मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांचा वेगळं सांगणारा अहवाल पुढे आणला, तर आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला जादूटोण्याचं विज्ञान ठरवलं. दोन-तीन महिन्यांत, जानेवारी २०१० मध्ये, आयपीसीसीला स्वतःचंच वाक्य मागे घ्यावं लागलं. हिमनद्या वितळतायत हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. नुकसान केलं ते त्या एका सालापेक्षा त्या एका टोमण्याने. हवामान बदल हे थोतांड आहे म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. पण पुढे त्यांनी बाहेरच्या शास्त्र अकादम्यांकडून स्वतःची तपासणी करून घेतली, चुका दुरुस्त करायची पद्धत ठरवली. आज त्यांच्या अहवालात मुख्य निष्कर्षांपुढे खात्री किती आणि शक्यता किती हे लिहिलेलं असतं. एवढ्या मोठ्या संस्थेला ते जमतं.

आपल्याकडेही एकदा जमलं. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि जगभर बातमी झाली. खात्याने यंत्र तपासलं आणि सांगून टाकलं की सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. झालं! कुणी खात्याला फाशी दिली नाही. उलट माझ्यासारख्याला बरं वाटलं, की हे स्वतःचं यंत्र तपासतात.

पण मग जोशीमठ आठवतं. जानेवारी २०२३. इस्रोच्या उपग्रहांनी दाखवलं की बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचली. आणि लगेच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं पत्र निघालं, की संस्थांनी माध्यमांशी बोलू नये, सोशल मीडियावर माहिती टाकू नये. इस्रोचा अहवाल संकेतस्थळावरून गायब. का, तर गोंधळ होतो. घराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडलेल्या माणसाला आकड्याने गोंधळ होतो, असं दिल्लीला वाटतं. वायनाडला २०२४ मध्ये दरड कोसळली तेव्हा एक सरकार म्हणालं आम्ही इशारा दिला होता, दुसरं म्हणालं दिलाच नव्हता. मृतदेह निघत असताना दोन सरकारं इशाऱ्यावरून भांडत होती, आणि इशारा देणारा माणूस कुठे होता? परवानगीच्या रांगेत असेल.

हीच आपली व्यवस्था आहे, महोदय. खालच्याने वरच्याला विचारायचं, वरच्याने त्याच्या वरच्याला, आणि तोवर पाणी ओसरतं. तलाठ्यापासून शास्त्रज्ञापर्यंत एकच शिकवण : बोललास तर अडकशील, गप्प राहिलास तर बढती मिळेल. विद्यापीठं तशीच, वीज मंडळ तसंच, बाजार समिती तशीच. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आणि भिजलेल्या मालाला ओलावा दाखवून काय भावाने घेतात ते एकदा वेश बदलून येऊन पाहा. पण ते खातं आपलं नाही, म्हणून सोडतो.

पुण्याच्या शिवाजीनगरच्या त्या कार्यालयाला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. १९२८ मध्ये सिमल्याहून आलं ते. विद्यार्थ्यांच्या सहली मी तिथे नेल्या आहेत. एक वयस्क शास्त्रज्ञ पोरांना पर्जन्यमापक उघडून दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, "आमचं दरवर्षी थोडं चुकतं. का चुकतं ते शोधण्यासाठीच आम्ही पगार घेतो." पोरं टाळ्या वाजवायची. आयआयटीएमचे हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्यासारखे लोक त्याच पुण्यात बसून २०१७ मध्ये सांगून गेले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, अरबी समुद्रातून येणारं बाष्प वाढलंय. म्हणजे माझ्या चिठ्ठीचं अर्धं उत्तर आपल्याच खात्याच्या संस्थेत छापून पडलेलं आहे. ते त्या मंगल कार्यालयात मराठीत सांगायला कुणाची परवानगी लागत होती?

मागणं मोठं नाही. जिल्ह्यात येणाऱ्या शास्त्रज्ञाला वर न विचारता बोलता येईल असा लेखी आदेश काढा. चुकलं तर चुकलं म्हणायची मुभाही त्यातच असू द्या. पावसाळा संपला की आमच्या जिल्ह्यात काय सांगितलं होतं आणि काय झालं, हे त्याने गावात येऊन मांडावं. स्टेज नको, सत्कार नको, पाराखाली चालेल. ती १९९ केंद्रं आणि तिथली माणसं परत द्या. मिशन मौसमच्या कोटींत त्यांचा पगार बसत नसेल तर हिशेब दाखवा.

आणि माझ्या चिठ्ठीचं उत्तर. "आम्हाला अजून नक्की सांगता येत नाही" असं आलं तरी मी ते गावात वाचून दाखवीन. इंग्रजीत असलं तरी हरकत नाही, मी समजावून सांगेन. फक्त खाली सही त्या शास्त्रज्ञाची असू द्या, कक्ष अधिकाऱ्याची नको.

आपला,
मांजराकाठचा एक निवृत्त मास्तर
जि. लातूर