एका रनवर टर्बो गाडीचा निकाल कसा काय लागतो?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या ऑटो पुरवणीत परवा टर्बो पेट्रोल गाडीला एअर फिल्टर आणि डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) बदलून 9 हॉर्सपॉवर वाढल्याचं वाचलं. डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) आधी एक रन, पार्ट लावल्यावर एक रन, संपला विषय. वाढ झालीच नसेल असं मी म्हणत नाही, पण ती पार्टमुळेच झाली हे एवढ्यावरून कसं ठरवलं ते काही कळलं नाही.

मी स्वतः हे करून फसलोय. नवीन इनटेक (एअर फिल्टर आणि त्याचा पाइप) लावला आणि तिसऱ्या गियरमध्ये 80 ते 120 चा टाइम घेतला तर आधीपेक्षा 0.4 सेकंद कमी, म्हटलं पैसे वसूल, आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटलो. मग लक्षात आलं की आधीचा टाइम भर दुपारी घेतला होता आणि नंतरचा रात्री. जुना फिल्टर परत लावून रात्रीच त्याच रस्त्यावर गेलो तर जवळजवळ तोच टाइम आला! हवा 35 डिग्रीवरून 20 वर आली की साधारण 5 टक्के दाट होते. बूस्ट, म्हणजे हवेचा वाढवलेला दाब, धरून ठेवून टर्बो त्यातलं काही भरून काढतो हे खरं, पण इंटरकूलरला (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीला) थंड करायला पण तीच बाहेरची हवा असते ना.

आणि हीट सोक तर लोक विसरूनच जातात. लागोपाठ रन मारले की इंटरकूलर तापतो, आत जाणारी हवा गरम होते, नॉकिंग (पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप पेटणं) व्हायला लागलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि पॉवर पडते, म्हणजे तिसरा रन पहिल्यापेक्षा कमी येणं यात नवल काहीच नाही. आता पार्ट बसवायला दीड-दोन तास लागतात, तेवढ्यात गाडी मस्त गार होते आणि त्यानंतरच्या पहिल्याच रनला आकडा वाढलेला दिसतो. तुमच्या लेखातल्या 9 मधले किती या गार होण्याचे होते? रनच्या वेळचं इनटेक टेंपरेचर छापलेलं नाही, त्यामुळे कळायला मार्गच नाही.

उलटंही होतं बरं का. मोठा इंटरकूलर पहिल्या थंड रनला फारसं काही दाखवत नाही, त्याचा फायदा चौथ्या-पाचव्या रनला दिसतो, जेव्हा कंपनीचा छोटा इंटरकूलर दमलेला असतो. म्हणजे एका रनवर चांगला पार्टसुद्धा फुकट बदनाम होतो.

बऱ्याच नवीन गाड्यांत ईसीयू ठरलेल्या टॉर्कच्या टार्गेटवर चालतो. फिल्टरने हवा सहज यायला लागली तर तो वेस्टगेट (टर्बोला वगळून धूर बाहेर सोडणारी झडप) जास्त उघडतो किंवा थ्रॉटल थोडा मिटतो आणि टॉर्क आहे तिथेच आणून ठेवतो, रिमॅप केल्याशिवाय, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलल्याशिवाय, हाती फार काही लागत नाही. डायनोच्या करेक्शन फॅक्टरची (हवामानानुसार आकडा सुधारणारा गुणक) पण तीच गोष्ट, तो मुळात साध्या बिनटर्बो इंजिनांच्या हिशोबाने आहे, आणि जी टर्बो गाडी स्वतःच बूस्ट सांभाळते तिला उन्हाळ्यात तो पूर्ण लावला तर कागदावर पॉवर फुगते.

रस्त्यावरच्या टेस्टचं तर विचारूच नका. 1500 किलोची गाडी 100 च्या स्पीडला फक्त 1 टक्का चढावर असेल तर तेवढ्यातच साधारण 4 किलोवॅट, म्हणजे साडेपाच हॉर्सपॉवर जातात, आणि 1 टक्का चढ डोळ्याला दिसतही नाही. म्हणून रन दोन्ही दिशांना घ्यायचे. टाकीतलं पेट्रोल, टायरचं प्रेशर, वारा हे आणखी वेगळंच. 'पिकअप जाणवतो' याला तर मी पुरावाच मानत नाही, ओपन फिल्टरने टर्बोची शिट्टी मोठी ऐकू येते आणि गाडी पळतेय असं वाटतं (माझ्या गाडीवर तो फिल्टर अजून आहे, कारण शिट्टी आवडते, एवढंच).

तेव्हा पुढच्या वेळी निदान चार-पाच रन घ्या, प्रत्येकाच्या सुरुवातीचं इनटेक टेंपरेचर आणि बूस्टचा लॉग द्या, आणि मुख्य म्हणजे जुना पार्ट परत बसवून पुन्हा मोजा. स्टॉकचेच (कंपनीच्या मूळ पार्टचेच) दोन रन आपापसात 5 हॉर्सपॉवरने वेगळे येत असतील तर तेही छापा, जागा कमी पडली तर फोटो एखादा कमी टाका.

आपला,
एक टर्बोवाला वाचक