ते पळून का गेले नाहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

किशोरवयीन मुलांनी काय वाचावं, यावर आपल्या पुरवणीत चर्चा चालू आहे. ऐतिहासिक कादंबरीचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे किल्ले, लढाया, राजपुत्र यांच्यापाशीच थांबला. म्हणून हे पत्र.

मी वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत दर शनिवारी वाचनाचा तास घेते. आठवी-नववीची तीसेक मुलं असतात. गेल्या वर्षी गुलामगिरीचा विषय निघाला. आमच्या कपाटात त्यावरची दोन-तीन जुनी रूपांतरं आहेत. साचा एकच. मालक दुष्ट, गुलाम गरीब गाय, आणि शेवटी कुणीतरी भला गोरा माणूस येऊन त्याची सुटका करतो. वाचून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, "बाई, ते एवढे जण होते, मग पळून का नाही गेले?"

तिचं काय चुकलं? त्या पुस्तकांत गुलाम नुसता सोसतो, रडतो आणि वाट बघतो. मग ह्यांना काही करायचंच नव्हतं, असं मुलांना वाटणारच.

तिला उत्तर द्यायचं म्हणून पुढचे चार शनिवार मी सां-दोमिंगची, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या आजच्या हैतीची, गोष्ट सांगितली. फ्रान्सच्या ह्या वसाहतीत १७८९च्या सुमारास जवळजवळ पाच लाख गुलाम होते आणि गोरे तीस-चाळीस हजार. युरोपच्या चहा-कॉफीत पडणाऱ्या साखरेचा मोठा वाटा इथून जायचा. ऊस म्हटल्यावर आमच्या मुलांना काही समजावावं लागत नाही. पाचटानं हात कसे चिरतात ते त्यांना ठाऊक आहे. हंगामात तिथला चरक रात्रंदिवस चाले असं म्हटलं, तर ऊसतोड टोळीबरोबर आलेला एक मुलगा लगेच म्हणाला, "चालवावाच लागणार. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो." मग चरकाशेजारी कुऱ्हाड कशाला ठेवलेली असे, तेही मी सांगितलं. झोपेच्या अंमलात ऊस सारणाऱ्याचा हात रुळांत सापडला, तर चरक थांबेपर्यंत अख्खा माणूस आत ओढला जाई. त्याआधी हात तोडायचा, त्यासाठी कुऱ्हाड. वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

आणि पळण्याचं म्हणाल, तर फ्रान्सच्या राजानं १६८५ साली गुलामांसाठी केलेल्या कायद्यातच ते आहे. महिनाभर पळून राहिला तर कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा. दुसऱ्यांदा पळाला तर गुडघ्यामागची शीर तोडायची. तिसऱ्यांदा देहदंड. हे फळ्यावर लिहिलं, तेव्हा त्याच मुलीनं हात वर केला. "म्हणजे शीर तोडल्यावरसुद्धा पळायचे?" मी कितीही व्याख्यान दिलं असतं तरी हे इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा गोष्टीत लढणारा माणूस मधोमध हवा, सोडवणारा नव्हे. ऑगस्ट १७९१मध्ये उत्तरेच्या मैदानातले मळे पेटले, ते कुणाच्या क्षणिक संतापानं नव्हे. मळ्यामळ्यांवरचे गुलाम मुकादम आणि गाडीवान आधी एकत्र जमले होते. ह्या लोकांना कामासाठी इकडून तिकडे जायची मुभा असे, म्हणून निरोप त्यांच्याकडून फिरत. २२ ऑगस्टच्या रात्री उठाव झाला. त्यांचा पुढारी बूकमन नोव्हेंबरात मारला गेला आणि त्याचं मुंडकं शहरात टांगलं गेलं, तरी उठाव थांबला नाही. मालकाची बग्गी हाकणारा, आत बसलेल्यांचं बोलणं ऐकणारा आणि तोंड मिटून घोड्यांकडे बघणारा चौदा वर्षांचा पोरगा घ्या. कादंबरीला आणखी काय हवं?

पुढे ह्या उठावाचा सगळ्यात मोठा सेनानी झालेला तूसां लुव्हेर्त्यूर हाही मूळचा गाडीवानच. पण त्याच्यावर लिहिणाऱ्याला माझी एक विनंती आहे. त्याचा पुतळा करू नका. उठावाआधी कित्येक वर्षं तो स्वतः मोकळा झाला होता आणि काही काळ त्यानं खंडानं घेतलेल्या कॉफीच्या मळ्यावर गुलाम राबत होते. पुढे सत्ता हाती आल्यावर १८००-०१मध्ये त्यानं मोकळ्या झालेल्या मजुरांना पुन्हा मळ्यांवर जुंपलं, लष्करी शिस्तीत. त्याविरुद्ध बंड झालं, तेव्हा ज्याला पुतण्या मानत होता त्या मोईजला त्यानं गोळ्या घालवल्या. नेपोलियनच्या सैन्यानं त्याला दग्यानं पकडून फ्रान्सला नेलं आणि एप्रिल १८०३मध्ये तो जूरा डोंगरातल्या किल्ल्यात थंडीनं कुडकुडत मेला. हे सगळं एकाच माणसाचं चरित्र आहे. चौदा वर्षांच्या मुलाला ते पेलतं. पेलत नाही ते आपल्यालाच, असा माझा अनुभव आहे.

कारण तिसऱ्या शनिवारनंतर एक पालक आले. "इतकी मारझोड मुलांना कशाला सांगता?" मी त्यांना आमच्याच कपाटातली एक शिवकालीन कादंबरी दाखवली. पहिल्या चाळीस पानांत तीन शिरच्छेद. ते हसले, पण पटलं असं काही दिसलं नाही.

मराठीत हा विषय परका आहे असंही कुणी म्हणू नये. मलिक अंबर पाठ्यपुस्तकात येतो तो निजामशाहीचा वजीर म्हणून. इथिओपियातून धरून आणलेला, बाजाराबाजारांत विकला गेलेला पोरगा दख्खनेत पोचला कसा, यावर मुलं कधी थांबत नाहीत. (त्यानंही पुढे हबशी गुलाम विकत घेऊन फौजेत ठेवले. तेही लिहा.) आणि पेशवाईच्या कागदांत विकल्या-घेतल्या जाणाऱ्या कुणबिणी, म्हणजे दासी? किंमत लिहिलेली असते, वय लिहिलेलं असतं. त्यांतल्या एकीलाही कादंबरीची नायिका झालेलं मी वाचलेलं नाही.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या सज्जनांना. त्या काळी पुण्यात बसून हे सुचावं, हीच मोठी गोष्ट. पण त्याच अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले आणि त्यांतले कितीतरी कालपर्यंत गुलाम होते, हे आमच्या मुलांपर्यंत अजून पोचायचं आहे. अर्पणपत्रिका पोचली, दीडशे वर्षं झाली.

लेखकांनी लिहिताना एक पथ्य मात्र पाळावं. उठावाआधी जंगलात रात्री शपथ झाली, त्याची वर्णनं नंतरची आणि बहुतेक दुसऱ्यांनी लिहिलेली आहेत. तिथे कल्पना लागणारच. मग शेवटी दोन पानं जोडा. खरं काय, रचलेलं काय, ते सांगा. मुलं ती पानं आधी वाचतात, हे मी बघितलं आहे.

१ जानेवारी १८०४ला हैती स्वतंत्र झालं. तिथे त्या दिवशी घरोघर लाल भोपळ्याचं सूप करतात, कारण गुलाम असताना ते रांधायचं मालकासाठी, चाखायचं मात्र नाही. यंदा १ जानेवारीला आम्हीही शाळेत पातेलंभर केलं. मीठ कमी पडलं. दोघा-तिघांनी नाक मुरडून वाटी सरकवली. ती प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "मग फ्रान्सनं गप्प सोडलं त्यांना?" नाही सोडलं. १८२५ साली युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली. मागणी मळेवाल्या मालकांसाठी होती आणि भरायची होती त्यांच्याच जुन्या गुलामांनी. हे ऐकल्यावर तिनं त्यावरचं पुस्तक मागितलं, मराठीतलं. मी कपाट उघडून उगाच थोडा वेळ शोधल्यासारखं केलं.

आपली,
एक वाचक, जि. सांगली