टॉवरखाली दुकान का नको?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बाहेरून आलेल्या लोकांनी बनलेल्या शहरांचा विषय निघाला की सगळी गाडी संस्कृतीवर जाते, सण, भाषा, कमानी, रंगीत कंदील वगैरे. मला विचाराल तर खरी गोम एकदम रुक्ष जागी आहे, कुठल्या जमिनीवर काय करायला परवानगी आहे आणि तो नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोण होतं.

कॅनडातल्या टोरोंटोचंच बघा. २०२१ च्या जनगणनेत तिथल्या महानगर भागातले ४६.६ टक्के लोक परदेशात जन्मलेले निघाले, आणि नव्याने आलेले खूप जण १९६०-७० च्या दशकातल्या उंच टॉवर्समध्ये राहतात कारण बाकी ठिकाणी भाडं झेपत नाही. आता हे टॉवर बांधताना काय धरलं होतं, तर राहणाऱ्याकडे गाडी असणारच, म्हणून खाली नुसती हिरवळ आणि पार्किंग, झोनिंग (म्हणजे जमिनीच्या वापराचा नियम) फक्त निवासी, ना दुकान ना दवाखाना. पुढे राहायला आली त्यातली बरीच माणसं बिनगाडीची, मग दूध-ब्रेड आणायलाही पिशव्या घेऊन मोठाले रस्ते ओलांडत चाला, आणि आवारात एखादं छोटं दुकान टाकावं म्हटलं तर ते बेकायदा! २०१४ मध्ये कुठे महापालिकेने नवा झोन मंजूर केला, साधारण ५०० जागांवर टॉवरच्या आवारात छोटी दुकानं, बाजार, क्लास यांना मुभा दिली. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं गेली एवढ्याला.

तिथेच थॉर्नक्लिफ पार्क नावाची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी एकत्र येऊन पडीक झालेली बाग पुन्हा नांदती केली, बाजार भरवला आणि २०१३ मध्ये त्या सार्वजनिक बागेत चक्क तंदूर बसला. हे कुठल्याही आर्किटेक्टने आधी कागदावर काढलं नसतं, सुचलंच नसतं.

याउलट सरकारने वरून माणसंच मोजून बसवायची हा दुसरा मार्ग. सिंगापूरमध्ये १९८९ पासून सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत आणि वस्तीत कुठल्या वंशाचे किती टक्के लोक याची मर्यादा ठरलेली आहे. वेगवेगळे मोहल्ले पडू नयेत हा हेतू, आणि शेजारीपाजारी लोक मिसळलेले दिसतात हे मान्यच करायला हवं. पण इमारतीत बहुसंख्याकांची मर्यादा भरली की अल्पसंख्याक माणसाला आपलं घर बऱ्याचदा आपल्यातल्याच कोणाला तरी विकावं लागतं, गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी, म्हणजे एकोप्याचा खर्च त्याच्या खिशातून. डेन्मार्कने तर २०१८ च्या कायद्याने काही वस्त्यांमधली सामाजिक घरं (ना-नफा संस्थांची भाड्याची घरं) २०३० पर्यंत, वेळ पडल्यास पाडूनही, जास्तीत जास्त ४० टक्क्यांवर आणायचं ठरवलं, आणि वस्ती निवडायच्या निकषांत रहिवाशांचं मूळ ‘पाश्चात्त्येतर’ आहे का हेही धरलं. घर पाडून एकोपा कसा होतो हे मला तरी कळलेलं नाही.

माझी मागणी साधी आहे, तळमजले आणि मोकळ्या जागा यांचा वापर आधीच कुलूपबंद करू नका. आणि हो, आराखड्यावर हरकती मागवणारी नोटीस लोकांना वाचता येईल अशा भाषेत काढा, सुनावणी कामाच्या वेळेत ठेवू नका, नाहीतर शिफ्टवाला येऊ शकत नाही आणि इतिवृत्तात मात्र लिहिलं जातं की नागरिकांची काही हरकत नव्हती.

आपला,
एक वाचक