इन्व्हर्टर एसी घेण्यापूर्वी तास मोजा

मा. संपादक,
स. न.

उन्हाळा जवळ आला की नाशिकमधील दुकानांत इन्व्हर्टर एसी सरसकट सर्वांना फायद्याचा म्हणून सांगितला जातो. ते मला ग्राहकाच्या हिताचे वाटत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालतो आणि बंद होतो, तर इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी करून चालू राहतो, त्यामुळे खरी बचत एसी सलग तासन्‌तास चालला तरच होते.

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलावरील वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. समजा, दोन एसींच्या लेबलांत २०० युनिटांचा फरक आहे, किमतीत ८,००० रुपयांचा आणि युनिटचा दर १० रुपये आहे. तेवढे तास वापरल्यास जादा रक्कम ४ वर्षांत वसूल होईल. परंतु एप्रिल-मे वगळता आपल्याकडे रात्री बऱ्याच सुसह्य असतात, आणि वापर ६०० तासांचाच असेल तर त्याच वसुलीला १० वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यात इन्व्हर्टरचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बिघडल्यास दुरुस्ती महाग पडते.

वृद्ध, आजारी माणसे किंवा दिवसभर घरून काम करणारे असतील, तर इन्व्हर्टर अवश्य घ्यावा, कारण महावितरणचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातो आणि वाचलेले युनिट वरच्या, महागड्या टप्प्यातील असतात. विक्रेत्यांनी मात्र ग्राहकाला आधी वापराचे तास विचारावेत, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.

— एक ग्राहक, इंदिरानगर, नाशिक