लॅव्हेंडर तेलाच्या अहवालात कायरल चाचणी हवी

महोदय,

औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात 'शंभर टक्के शुद्ध' असे छापलेले लॅव्हेंडर तेल सर्रास विकले जाते. काही विक्रेते ग्राहकाची खात्री पटावी म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचा, अहवालही जोडतात. हा अहवाल अगदी प्रामाणिकपणे केलेला असला तरी तेल भेसळीचे असू शकते, हे ग्राहकांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

लॅव्हेंडर तेलाचे मुख्य घटक लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे आहेत व दोन्ही कारखान्यात स्वस्तात तयार होतात. या रेणूंना डाव्या-उजव्या हातांप्रमाणे एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेली दोन रूपे असतात; त्यांना 'आर' आणि 'एस' म्हणतात. दोन्ही रूपांचा उत्कलनबिंदू आणि वस्तुमान सारखेच असल्यामुळे नेहमीच्या चाचणीत ती वेगळी दिसत नाहीत, आणि नेमक्या प्रमाणात कृत्रिम द्रव्य मिसळणाऱ्याचे फावते. वनस्पती मात्र बहुतांशी एकच रूप घडवते. लॅव्हेंडरमध्ये लिनालूलचे 'आर' रूप असते, तर धन्याच्या तेलात 'एस' रूप प्रबळ असते. कारखान्यातल्या नेहमीच्या लिनालूलमध्ये दोन्ही निम्मी-निम्मी असतात. हा फरक कागदोपत्री नाही, तो नाकालाही कळतो : पुदिना आणि बाळंतशेपा यांचे वास इतके निराळे असूनही दोन्हींत कार्व्होन हाच वासाचा घटक असतो, फक्त त्याची रूपे वेगळी.

आरशातली ही दोन रूपे वेगळी ओळखणाऱ्या चाचणीला कायरल चाचणी म्हणतात. तिच्यात गॅस क्रोमॅटोग्राफीच्याच यंत्राला सायक्लोडेक्स्ट्रिनचा लेप असलेला स्तंभ, म्हणजे नमुना ज्यातून जातो ती बारीक नळी, जोडतात. स्टार्चपासून मिळणाऱ्या या वलयाकार शर्करेच्या सान्निध्यात एक रूप दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त रेंगाळते आणि आलेखावर दोहोंची शिखरे अलग होतात. युरोपीय औषधसंहितेने लॅव्हेंडर तेलात 'एस' लिनालूल जास्तीत जास्त 12 टक्के आणि 'एस' लिनालिल ॲसिटेट 1 टक्का अशी मर्यादा घातली आहे. पहिली मर्यादा सैल असण्यामागे कारण आहे. ऊर्ध्वपातनाच्या वेळी गरम पाण्यात लिनालिल ॲसिटेटचे विघटन होऊन बनणाऱ्या लिनालूलमध्ये थोडे उलट, म्हणजे 'एस', रूपही येते. म्हणून केवळ लिनालूलच्या आकड्यावरून एखाद्या छोट्या उत्पादकाला भेसळखोर ठरवणे अन्यायाचे होईल. ॲसिटेटचा आकडा अधिक बोलका असतो.

ही चाचणी सर्वज्ञ नाही, हेही सांगितले पाहिजे. कापूरवर्गीय झाडापासून मिळणाऱ्या हो तेलातले लिनालूल 'आर' रूपाचेच असते, त्यामुळे ते मिसळल्यास या चाचणीला चकवता येते. गवती चहाच्या तेलातल्या सिट्रलला अशी दोन रूपेच नसल्याने तिथे ती त्या घटकापुरती निरुपयोगी आहे. मेंथॉलचे तर वनस्पतीतल्यासारखे एकच रूप कारखान्यात बनवण्याची पद्धत प्रचलित असून त्यामागील संशोधनासाठी जपानी रसायनशास्त्रज्ञ रिओजी नोयोरी यांना 2001 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणून कायरल अहवाल नेहमीच्या घटक-विश्लेषणाच्या जोडीने वाचावा लागतो. तरीही निम्म्या-निम्म्या कृत्रिम द्रव्याची स्वस्त भेसळ तो उघडी पाडतो.

याचा संबंध शेतकऱ्यांशीही आहे. जम्मूच्या भद्रवाह परिसरात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या अरोमा मिशन या सुगंधी वनस्पती लागवडीच्या योजनेतून शेतकरी मका सोडून लॅव्हेंडरकडे वळले. खऱ्या तेलाशेजारी त्याच नावाचे कृत्रिम मिश्रण कमी दरात विकले गेले, तर त्यांच्या कष्टाला दर कसा मिळणार?

माझी विनंती मर्यादित आहे. लॅव्हेंडर तेल 'शुद्ध' म्हणून विकणाऱ्याने त्या बॅचमधील दोन्ही घटकांच्या 'आर' व 'एस' रूपांचे प्रमाण जाहीर करावे. गॅस क्रोमॅटोग्राफीचे यंत्र असलेल्या महाराष्ट्रातील महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी एक कायरल स्तंभ घेऊन बाजारातील नमुने तपासावेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम प्रकल्प आहे. ग्राहकांनीही विक्रेत्याकडे केवळ 'क्रोमॅटोग्राफी रिपोर्ट' न मागता कायरल रिपोर्ट मागावा.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, पुणे